स्पीड पूर्ण, तरी आवाज तुटतो: नेटवर्कमधल्या रांगेची पार्श्वभूमी

महापेच्या एमआयडीसीत नेटवर्कचं काम करतो म्हटल्यावर सोसायटीच्या लिफ्टमध्ये हमखास एकच प्रश्न येतो: "स्पीडटेस्टला शंभर दाखवतंय, मग मीटिंगमध्ये आवाज का तुटतो?" २०२० च्या टाळेबंदीत तो माझ्याच घरी येऊन बसला. ठाण्यात चरईतलं दोन खोल्यांचं घर, आत मुलीची शाळा, बाहेर माझं ऑफिस. एका दुपारी आवाज अडखळायला लागला म्हणून पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून ठेवला. १८, १९, १८ मिलिसेकंद असे शहाण्यासारखे आकडे येत होते. मग एकदम ४००, ७५०, ११००. पाच मिनिटांनी पुन्हा १८. शोधलं तेव्हा कळलं, नेमक्या त्या पाच मिनिटांत बायकोचा फोन गावचे सगळे फोटो क्लाउडवर चढवत होता. लाइन तुटली नव्हती, स्पीडही घटला नव्हता. माझा आवाज फोटोंच्या मागे रांगेत उभा होता.

'क्वालिटी ऑफ सर्व्हिस', म्हणजे सेवेचा दर्जा, या भारदस्त नावाखाली गेली शंभरेक वर्षं जे चाललंय, ते या रांगेवरूनच.

आमच्या आईच्या पिढीला तर ही रांग पैसे मोजून माहीत होती. ठाण्याहून साताऱ्याला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि फोनशेजारी बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. अर्जंट ऑर्डिनरीच्या पुढे जायचा, लाइटनिंग दोघांच्याही पुढे, आणि त्याचे पैसे कित्येक पट. लाइटनिंग कॉल आला की घरातले आधी घाबरायचे, कारण तो सहसा कोणाच्या तरी जाण्याचाच असायचा. ऑपरेटरशिवाय थेट नंबर फिरवून दुसऱ्या गावी बोलायची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली. सगळीकडे पोचायला पुढे दशकं लागली.

टेलिफोनच्या रांगेचं गणित मात्र त्याच्या कितीतरी आधी मांडलं गेलं होतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. अर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये त्यावर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये आज त्याच्या नावाने ओळखली जाणारी सूत्रं दिली. प्रश्न सरळ होता. लाइन मोजक्या, बोलणारे अनेक. मग किती लाइन टाकल्या म्हणजे पुरे? तासाला प्रत्येकी तीन मिनिटांचे शंभर कॉल आले तर तो भार ५ अर्लांग. शंभरातला एखादाच कॉल 'सर्व लाइन व्यस्त' ऐकून परत जावा असं हवं असेल, तर ११ लाइन लागतात. कॉल दुप्पट झाले की २२ लागतील असं वाटतं, पण १८ पुरतात. गर्दी एकत्र केली की सोय स्वस्त पडते, हे अर्लांगने दाखवलं आणि सगळं टेलिफोन जग त्यावर उभं राहिलं. त्या जगाचा नियमही सरळ होता: जागा नसेल तर आत घ्यायचं नाही, पण एकदा आत घेतलं की बोलणं संपेपर्यंत ती लाइन तुमचीच.

इंटरनेटने हा नियमच उलटा केला. साठच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली: संदेशाचे तुकडे करा आणि प्रत्येकाला आपल्या वाटेने जाऊ द्या. 'पॅकेट' हा शब्द डेव्हिस यांचा. इथे कोणाला दारातून परत पाठवत नाहीत. सगळे आत, सगळे रांगेत, आणि रांग भरली की शेवटचं पॅकेट गुपचूप फेकून द्यायचं. याला 'बेस्ट एफर्ट' म्हणतात. मराठीत सांगायचं तर 'बघू, जमलं तर पोचवू'.

तरी १९८१ साली आयपीचं, म्हणजे इंटरनेटवर पॅकेट पोचवायच्या नियमांचं, मानक लिहिलं गेलं तेव्हा प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर एक बाइट 'सेवेचा प्रकार' सांगायला राखून ठेवला होता. त्यातल्या तीन बिटांत अग्रक्रमाच्या आठ पायऱ्या होत्या आणि त्यांची नावं रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश अशी थेट लष्करी संदेशांच्या वळणाची. आमच्या ट्रंक कॉलची ही सख्खी भावंडं. फरक एवढाच, की लाइटनिंग म्हणायला पैसे पडत, आणि इथे फ्लॅश लिहायला काहीच पडत नव्हतं. हा फरक पुढे सगळ्यांना महागात गेला.

त्याआधीच गर्दीने हिसका दाखवला. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलीची लॉरेन्स प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. चाळीस हजार नव्हे, चाळीस! दोन ठिकाणांतलं अंतर ४०० यार्ड, म्हणजे ठाणे स्टेशनातून तलावपाळीला चालत जाण्यापेक्षाही कमी. चिठ्ठी हातात घेऊन धावलं असतं तर लवकर पोचली असती. पोच आली नाही की प्रत्येक संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवत होता आणि भरलेली रांग आणखी भरत होता. व्हॅन जेकबसनने १९८८ मध्ये यावर उपाय मांडला: पॅकेट हरवलं की गर्दी आहे असं समज आणि हात आखडता घे. टीसीपी (पाठवलेलं पोचलं की नाही ते बघणारे इंटरनेटचे नियम) आजही मुळात या समजुतीवर चालतं. म्हणजे शिस्त लावली ती पाठवणाऱ्याच्या सद्सद्विवेकाला. रांगेला कोणी हात लावला नाही.

रांगेकडे बघणारा एक माणूस होता, जॉन नेगल. १९८५ मध्ये त्याने विचारलं, मधल्या यंत्राला अमर्याद साठवण दिली तर गर्दीचा प्रश्न सुटेल का? उत्तर: नाही. रांग इतकी लांबेल की पॅकेट पुढे पोचेपर्यंत त्याची मुदतच संपलेली असेल. त्याने सुचवलं की सगळ्यांची एक रांग न करता प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करा आणि आळीपाळीने एकेक पॅकेट घ्या. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर या तिघांनी या कल्पनेला नीट गणिती रूप दिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा विचार हाच, आणि नेमका तोच पंचवीसेक वर्षं घराघरातल्या राऊटरच्या डब्यांपासून लांब राहिला.

कारण नव्वदच्या दशकात सगळ्यांना आरक्षणाचं, म्हणजे नेटवर्कवर आधीच जागा राखून ठेवायचं, वेड लागलं होतं. टेलिफोनवाल्यांनी एटीएम आणलं (पैसे काढायचं नव्हे), ज्यात ४८ बाइट माल आणि ५ बाइट पत्ता अशी एकसारखी डबी असे. युरोपला ३२ हवे होते, अमेरिकेला ६४; मधला आकडा घेऊन दोघांचंही समाधान केलं नाही. इंटरनेटवाल्यांनी १९९४ ते १९९७ मध्ये इंटसर्व आणि आरएसव्हीपी मांडलं: बोलायच्या आधी वाटेतल्या प्रत्येक राऊटरकडे जागा राखून घ्यायची. कागदावर सुरेख. पण मोठ्या राऊटरने लाखो संभाषणं एकेक करून लक्षात ठेवायची कशी? डिसेंबर १९९८ मध्ये डिफसर्व आलं. आरक्षण सोडा, पॅकेटवर फक्त शिक्का मारा. सहा बिट, चौसष्ट प्रकार. आजही ऑफिसातल्या फोनचा आवाज ४६ नंबरचा शिक्का घेऊन निघतो.

आणि ऑफिसच्या दाराबाहेर तो शिक्का बहुधा पुसला जातो. यात लबाडी नाही. घोडबंदर रोडवर किती गाड्यांच्या काचेवर 'प्रेस' लिहिलेलं असतं ते मोजून बघा. स्टिकर बघून कोणी वाट मोकळी करून देत असतं, तर वडापाव आणायला निघालेल्या स्कूटरवरही तो दिसला असता. दुसऱ्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा तर त्याचे पैसे कोणीतरी द्यायला हवेत, आणि कंपन्याकंपन्यांत तसा हिशेब कधी बसलाच नाही. एका मालकाच्या कुंपणात मात्र शिक्के छान चालतात. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांतून बँकांच्या शाखांकडे जाणाऱ्या एमपीएलएस (एकाच कंपनीच्या खाजगी नेटवर्कच्या) लाइनवर व्यवहार, आवाज आणि फायली यांचे वर्ग ठरलेले असतात, करारात आकडे असतात, चुकलं तर दंडही असतो.

मोबाइलचंही तेच. सप्टेंबर २०१६ मध्ये घणसोलीत मुख्यालय असलेल्या जिओने जे नेटवर्क सुरू केलं, त्यात जुना टेलिफोन नव्हताच. आवाजही पॅकेटमधूनच, व्होल्टेवर. फोरजीच्या नियमांत आवाजाला पहिला वर्ग आणि राखीव जागा, साध्या इंटरनेटला बहुधा नववा. मोकळ्या इंटरनेटवर न रुजलेलं आरक्षण असं एकाच कंपनीच्या आवारात नांदतंय. हेच उद्या ठरावीक ॲपसाठी विकलं तर? २०१८ मध्ये सरकारने मान्य केलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या नियमांनी भेदभावाला मनाई केली आहे, विशेष सेवांना मात्र सूट आहे. फाइव्हजीच्या 'स्लाइस'चा, म्हणजे एकाच नेटवर्कमधून वेगळ्या काढलेल्या राखीव भागाचा, वाद त्या सवलतीच्या व्याख्येवर अडतो.

आपल्याकडे ग्राहकाच्या बाजूने आकडे ठरवायचं काम १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ट्राय या दूरसंचार नियामकाचं. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होता. २००६ च्या नियमांत पॅकेट हरवण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आणि लेटन्सी (पॅकेटला वाटेत लागणारा वेळ) १२० मिलिसेकंदांच्या आत हवी होती, पण ती मोजायची कंपनीच्या नोडपासून, म्हणजे केंद्रापासून, पुढे. घरातला डबा हिशेबात नाही. कॉल ड्रॉपला एक रुपया भरपाईचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला. ऑक्टोबर २०२४ पासून तीन जुने नियम एकत्र करून नवे लागू झाले. त्यात लेटन्सीबरोबर जिटरही (त्या वेळेतला चढउतार) आहे.

घरातल्या डब्याकडे बघितलं जिम गेटिसने, २०१० मध्ये, स्वतःच्या घरचं नेट कुथताना पाहून. मेमरी स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी राऊटर-मोडेममध्ये मोठमोठे बफर (पॅकेटं थांबवून ठेवायची साठवण) भरले होते. पॅकेट फेकलं जात नव्हतं, नुसतं तुंबत होतं, आणि जेकबसनच्या टीसीपीला गर्दीची खबरच लागत नव्हती. गेटिसने याला 'बफरब्लोट' म्हटलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि खुद्द जेकबसन यांनी कोडेल आणलं: रांग किती लांब आहे ते बघू नका, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघा, तो वेळ ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला की एखादं फेका. त्याला नेगलच्या वेगवेगळ्या रांगांची जोड देऊन झालेलं एफक्यू-कोडेल त्याच वर्षी लिनक्समध्ये आलं.

आमच्या ब्रॉडबँडवाल्याच्या सपोर्टला फोन केला तर त्यांनी वरचा प्लॅन घ्या म्हणून सांगितलं. त्याऐवजी एका जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरचं मोफत सॉफ्टवेअर चढवलं, एफक्यू-कोडेल लावलं, आणि १०० चा वेग ९० वर, अपलोडचा १० चा ९ वर बांधला, म्हणजे रांग लागलीच तर माझ्या डब्यात लागेल. पुन्हा फोटो चढवायला लावले. पिंग २६ च्या वर गेला नाही. शेजारचे काका मुद्दाम बघायला आले, स्पीडटेस्ट लावली आणि म्हणाले, "अरे, दहा कमी झालं की तुझं. तक्रार कर."