देवावर भरवसा आणि देवाची परीक्षा

पंचगंगेला पाणी चढायला लागलं की कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं? 39 ला इशारा, 43 ला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर तर हे आकडे कुणी विसरणार नाही. अशा दिवसांत घर सोडायची सूचना आली, तरी आपल्या ख्रिस्ती मंडळीतलं एखादं कुटुंब म्हणतं, "प्रभू राखील, आम्ही हलणार नाही." त्यांच्या भक्तीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण याला भरवसा म्हणताना मन कचरतं, कारण देवाची परीक्षा पाहणंही वरून अगदी असंच दिसतं.

ही गल्लत बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 4 थ्या अध्यायात, सैतान मुद्दाम करतो. येशूला मंदिराच्या उंच टोकावर उभं करून तो 91 वं स्तोत्र ऐकवतो: उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वचन खरंच आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण तेच वाचतो. येशू ते खोडून काढत नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या 6:16 चा आधार घेऊन एवढंच सांगतो, की देवाची परीक्षा पाहू नये. त्या वचनात मस्साचा उल्लेख आहे. रानातल्या या मस्सा नावाच्या ठिकाणी इस्राएल लोक तहानेने व्याकूळ झाले होते. तहानलेल्याने पाणी मागावंच, त्यात काय चुकलं? पण पाण्यावरून ते विचारू लागले, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? देवाने आपलं असणं आमच्या अटीवर सिद्ध करावं, हा हट्ट म्हणजे परीक्षा.

दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा राजा शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांना धमकावतो, की माझ्या मूर्तीपुढे वाका, नाहीतर पेटत्या भट्टीत टाकीन. ही भट्टी त्यांनी स्वतःहून निवडली नव्हती. आमचा देव सोडवायला समर्थ आहे, असं ते राजाला सांगतात आणि लगेच पुढे म्हणतात, नाही सोडवलं तरी मूर्तीपुढे वाकणार नाही. हे "नाही सोडवलं तरी" परीक्षा पाहणाऱ्याच्या तोंडून कधी निघत नाही.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो प्रेषितांची कृत्ये 27 मधला प्रेषित पौल. कैदी म्हणून रोमला नेत असताना जहाज वादळात सापडतं. कुणाचाही जीव जाणार नाही, असं देवदूताने त्याला सांगितलेलं असतं. पण नांगर टाकायचं निमित्त करून खलाशी होडीतून पळू पाहतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला, बजावतो, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. मग उजाडायच्या सुमारास, चौदा दिवस उपाशी असलेल्या लोकांना पौल जेवायचा आग्रह करतो, देवाचे आभार मानतो, भाकर मोडतो आणि आधी स्वतः खातो. शेवटी 276 जण किनाऱ्याला लागतात, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर. अभिवचन हाती असूनही त्याने दोर, भाकर, फळी यांतलं काहीच कमी लेखलं नाही. म्हणून दारात आलेल्या बचाव पथकाच्या बोटीत बसल्याने विश्वास कमी पडत नाही.

देव आपल्या हातून इस्राएलला सोडवणार का, याची इस्राएलचा पुढारी गिदोन याने लोकर ठेवून दोनदा खूण मागितली, हे खरं. पण दुसऱ्यांदा मागताना, माझ्यावर रागावू नकोस, अशी विनवणी तो स्वतःच करतो. देवाने त्याचं भय सांभाळून घेतलं; त्याचा नियम करू नये.

पुरापेक्षाही ही गल्लत रोज घडते ती औषधांत. प्रार्थनासभेत हलकं वाटलं म्हणून साखरेची किंवा बीपीची गोळी परस्पर बंद होते. यशया 38 मध्ये आजारी पडलेल्या हिज्कीया राजाला आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून मिळाली, आणि त्याच अध्यायात त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायलाही संदेष्ट्याने सांगितलं. बरं वाटत असेल तर देवाचे आभार मानावेत, रक्त तपासून घ्यावं आणि गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्यावं. मंडळीत साक्ष त्यानंतरही देता येते.