अडतं ते ‘प्रकाशसंश्लेषणा’पाशी नाही

अवघड संज्ञा पाठ झाल्या की विषय आला, हा समज पालकसभांत वर्षानुवर्षं फिरतोय. ‘प्रकाशसंश्लेषण’ दिसायला अवघड खरं, पण त्याची व्याख्या पुस्तकात असते, बाई ती फळ्यावरही लिहितात. घोळ होतो तो सगळ्या विषयांत हिंडणाऱ्या, सोप्या वाटणाऱ्या शब्दांपाशी.

‘प्रमाण’च घ्या. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सुमारे २१ टक्के, म्हणजे तो किती आहे. गणितात चार संख्या प्रमाणात, म्हणजे दोन गुणोत्तरं समान. भूगोलात नकाशाचं प्रमाण, १ सेमीला १ किमी. शिवाय ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरची भारतीय प्रमाणवेळ. मराठीच्या तासाला प्रमाणभाषा! हा शब्द शिकवायचा कुणी? प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या सरांनी सांगितला असेल.

‘कारणे द्या’ या प्रश्नाखाली कारणाऐवजी घोकलेली व्याख्याच उतरवणारं पोर याच गोंधळातलं.

इंग्रजीत अशा शब्दांची यादी भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केली, ५७० शब्दकुळांची (एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचा गट म्हणजे शब्दकूळ). तीही नुसती घोकायला दिली तर पहिले पाढे पंचावन्न. त्यापेक्षा एकच शब्द असलेली दोन विषयांची वाक्यं शेजारी ठेवा आणि फरक मुलांकडूनच वदवून घ्या.