नदी-नाल्यांतील बांधकाम व उपसा : नागपुरातील परवानग्या

नदी, नाला, तलाव किंवा कालवा यांच्या पात्रात आणि काठालगत बांधकाम करणे, भराव टाकणे, प्रवाह वळवणे, गाळ किंवा रेती काढणे या कामांसाठी घ्याव्या लागणाऱ्या शासकीय परवानग्या व ना हरकत दाखल्यांची व्यवस्था. महाराष्ट्रात यासाठी एकच कायदा नाही आणि अर्ज देण्याची एकच खिडकीही नाही. जमीन महसूल संहिता (१९६६), प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम (१९६६), जल प्रदूषण प्रतिबंध अधिनियम (१९७४), पाटबंधारे अधिनियम (१९७६) आणि गौण खनिज नियम (२०१३) यांतल्या तरतुदी जोडून ही व्यवस्था चालते. कोणत्या कामाला यातले काय लागू होईल, हे बहुतेक वेळा एका साध्या गोष्टीवर ठरते : त्या पाण्याला किंवा मातीला कागदावर काय म्हटले आहे. नदी की नाला, तलाव की पाणथळ, गाळ की रेती. नागपुरात गेल्या काही वर्षांत गाजलेले वाद पाहिले, तर त्यांतले बरेचसे या शब्दांभोवतीच फिरलेले दिसतात.

पात्र कोणाचे? महसूल संहितेच्या कलम २० नुसार नद्या, नाले, ओढे, तलाव आणि त्यांचे तळ, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध होत नसेल तर, राज्य शासनाचे असतात. त्यामुळे काठावरची जमीन विकत घेतली म्हणून पात्र मिळत नाही. शेतातून वाहणाऱ्या नाल्याची जागा सातबाऱ्यावर ‘पोटखराब ब’ म्हणून दाखवलेली असते. तिला आकारणी नसते आणि ती लागवडीखाली आणता येत नाही. शहराच्या कडेला शेतांचे ले-आऊट पडू लागले, की पहिला घोळ इथेच होतो. गावनकाशावरची दुहेरी रेघ ले-आऊटच्या नकाशात एकेरी होते आणि पुढे प्लॉटच्या हद्दीत विरून जाते. पाणी मात्र जुन्याच वाटेने येते. म्हणून परवानगीच्या प्रकरणात भूमी अभिलेख विभागाची मोजणी आणि मूळ गावनकाशा हे सर्वांत महत्त्वाचे कागद मानले जातात.

काठापासूनचे अंतर. डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. नागपूर महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास (१९३६ च्या कायद्याने स्थापन झालेली ‘नासुप्र’) आणि शहराबाहेरच्या पट्ट्यासाठीचे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या तिन्ही यंत्रणा आपापल्या हद्दीत हीच नियमावली वापरतात. तिच्यानुसार नदीसारख्या मोठ्या प्रवाहाच्या पाण्याच्या कडेपासून १५ मीटर आणि नाला, कालवा अशा लहान प्रवाहापासून ६ मीटर जागा बांधकामासाठी अपात्र आहे. धड काठच नसलेल्या, सखल जमिनीतून नुसत्या पसरत जाणाऱ्या लहान नाल्याला मात्र सवलत आहे. परवानगी देणाऱ्या यंत्रणेने नाल्याची रेषा आणि छेद (रुंदी-खोली) मंजूर केला, तर असा नाला बांधून घेता येतो किंवा वळवता येतो.

आता १५ आणि ६ यांतला फरक ९ मीटरांचा. शहरात ९ मीटर म्हणजे एखाद्या प्लॉटची अर्धी खोली, म्हणजेच घर बसते की नाही याचा निकाल. नाग नदीला नागपूरकर जितक्यांदा नदी म्हणतात, तितक्यांदाच नाला म्हणतात. बोलण्यातल्या या सवयीने कायदा बदलत नाही, कागदावर ती नदीच आहे. पण तिला येऊन मिळणाऱ्या छोट्या प्रवाहांबाबत नकाशावरचा शब्द कोणता, याला फार किंमत येते.

पूररेषा. अंतराचा नियम हा किमान नियम. त्याच्यावर पूररेषांचा नियम चालतो आणि खरा अडसर तोच असतो. पाटबंधारे विभागाच्या (आताच्या जलसंपदा विभागाच्या) २१ सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकाने महाराष्ट्रात निळी आणि लाल अशा दोन रेषांची पद्धत बसवली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा काठोकाठ वाहणाऱ्या पात्राच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो जास्त त्याची पातळी म्हणजे निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. वर धरण असेल तर सांडव्याचा संकल्पित विसर्ग आणि धरणाखालच्या मोकळ्या, म्हणजे धरणाने न अडवलेल्या, पाणलोटाचे पाणीही लाल रेषेत धरावे लागते. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा नाही. दरवर्षी शेकडा एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. घर घेणाऱ्याला हे कोणी समजावून सांगत नाही.

पात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. इथे वाहनतळ, उघडा भाजीबाजार, बाग, हिरवळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, नळवाहिन्या, सार्वजनिक स्वच्छतागृह असे मोजकेच वापर चालतात. पूर्वीच्या अधिकृत इमारतीची पुनर्बांधणी करता येते, पण पाटबंधारे खात्याच्या ना हरकतीनंतर आणि जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच ठेवून. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथे बांधकाम चालते, जोत्याची अट तीच. वापरांच्या यादीतला ‘हिरवळ’ हा शब्द मूळ नियमावलीत ‘लॉन’ आहे आणि नागपुरात लॉन म्हणजे लग्नाचे ठिकाण! नियमाला अभिप्रेत आहे ते गवत. स्टेज, शेड, स्वयंपाकघर आणि कंपाउंडची भिंत त्यात मोडत नाही. भिंत तर पुराच्या पाण्याला आडवीच येते.

रेषा आखण्याचे काम जलसंपदा विभागाचे. नागपूर विभागात ते विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाखालच्या कार्यालयांमार्फत होते. आखलेली रेषा विकास योजनेच्या नकाशावर चढली की ती बांधकाम परवानगी देणाऱ्याला बंधनकारक होते. न चढलेल्या नाल्यापाशी उरते ते फक्त ६ किंवा १५ मीटरचे अंतर. जिल्ह्याच्या उत्तर आणि पूर्व भागात या रेषांचे महत्त्व ऑगस्ट २०२० च्या अखेरीस दिसले. पेंच नदीवरच्या तोतलाडोहमधून आणि वरच्या धरणांतून मोठा विसर्ग सोडावा लागला आणि कन्हान काठची पारशिवनी, कामठी, मौदा तालुक्यांतली गावे पाण्याखाली गेली. त्या भागात तेव्हा पडलेल्या पावसापेक्षा धरणातून सुटलेले पाणी मोठे होते. लाल रेषेत सांडव्याचा विसर्ग का धरतात, त्याचे उत्तर त्या पुरात आहे.

नाग नदी आणि सप्टेंबर २०२३. नाग नदी वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावात शिरते आणि तलावाच्या सांडव्यावरून पुढे धरमपेठ, सीताबर्डी, अशोक चौक असे शहर ओलांडते. गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी तिला पूर्वेला मिळते आणि हे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत जाते. शहराच्या दक्षिण भागातून पोरा नदी वाहते. महापालिका हद्दीत नाग आणि पिवळी प्रत्येकी सुमारे १७ किलोमीटर, पोरा १३ किलोमीटरच्या आसपास.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरीचा सांडवा ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आऊट, वर्मा ले-आऊट या भागांत लोक झोपेत असताना घरात पाणी शिरले. पंचशील चौकातला पूल खचला. जीवितहानी झाली, हजारो घरांचे नुकसान झाले. परवानगीच्या दृष्टीने या पुराने जे उघडे पाडले, ते खाजगी अतिक्रमणापुरते नव्हते. पात्रावर टाकलेले स्लॅब, कमी रुंदीचे पूल, पात्राला आवळणाऱ्या संरक्षक भिंती यांतली कित्येक कामे सार्वजनिक यंत्रणांचीच होती आणि अशा कामांना सामान्य माणसासारखा बांधकाम परवान्याचा अर्ज करावा लागत नाही. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. धरणालगतच्या प्रतिबंधित पट्ट्यात बांधकाम कसे उभे राहिले, हा त्यातला मुद्दा होता. पुरानंतर नदीचे रुंदीकरण व खोलीकरण, अडथळा ठरणाऱ्या पुलांची फेरबांधणी आणि अंबाझरी धरणाचे बळकटीकरण ही कामे हाती घेण्यात आली.

पुलासाठीचे तांत्रिक गणित पूररेषेचेच असते : संकल्पित पूर खालून निघून जावा, वर मोकळी उंची राहावी, खांबांनी पात्र फार अडवू नये. जलनलिका, गटारवाहिनी किंवा केबल पात्रातून न्यायची असेल तर ती घासणीच्या, म्हणजे वाहत्या पाण्याने तळ खरवडला जाण्याच्या, खोलीखाली पुरावी लागते. हे पाहण्याची जबाबदारी जलसंपदा विभागाच्या ना हरकत दाखल्यावर असते, नगररचनेच्या मंजुरीवर नव्हे. प्रत्यक्षात दोन्ही फायली एकमेकींची वाट पाहत थांबतात, तो भाग वेगळा.

तलाव आणि पाणथळ. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ नुसार अधिसूचित पाणथळीत आणि तिच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरांत नावांच्या धक्क्याखेरीज पक्के बांधकाम करता येत नाही. मात्र नदीपात्र, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय या व्याख्येतून वगळलेले आहेत. विदर्भातले बहुतेक तलाव माणसानेच बांधलेले, तेव्हा हा अपवाद इथे मूळ नियमाहून मोठा ठरतो.

त्याची कसोटी लागली फुटाळ्यावर. भोसल्यांच्या काळातल्या, १७९९ साली बांधल्या गेलेल्या या तलावावर संगीत कारंजे, प्रेक्षक गॅलरी आणि तरंगते उपाहारगृह यांची कामे झाली आणि स्वच्छ असोसिएशन या संस्थेने न्यायालयात धाव घेतली. खंडपीठाने २०२३ मध्ये फुटाळा मानवनिर्मित असल्याने नियमांच्या अर्थाने पाणथळ नाही असे ठरवले. त्याच वेळी तलावात पक्के बांधकाम होऊ नये, अशी ताकीदही दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला. म्हणजे नागपुरातल्या जुन्या तलावांना ५० मीटरचे कवच आपोआप मिळत नाही. त्यांचे रक्षण विकास योजनेतला वापर, वारसा यादी आणि धरणाच्या सुरक्षेचे नियम यांवर उभे आहे.

गाळ. पाण्याच्या तळातला गाळ उपसणे म्हणजे ‘ड्रेजिंग’, पण तो शब्द बंदरांचा. नागपुरात त्याचा अर्थ पोकलेन आणि टिप्पर. महापालिका २०१३ पासून दर उन्हाळ्यात तिन्ही नद्यांचे स्वच्छता अभियान राबवते. देखभाल आणि आपत्ती निवारणासाठी धरणे, बंधारे, नद्या व कालव्यांतला गाळ काढण्याला पर्यावरण मंजुरीची गरज नाही, अशी सूट केंद्र सरकारच्या जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेत आहे. काढलेला गाळ काठावरच ढिगाने राहिला, तर मृगाच्या पहिल्या दणक्यात तो पुन्हा पात्रात उतरतो. जल प्रदूषण अधिनियमाचे कलम २४ प्रवाहाला अडथळा होईल असे काही टाकण्यास मनाई करते. त्या भाषेत असा ढीगही बसू शकतो.

तलावांसाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना मे २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा नव्याने आली. शेतकऱ्याने गाळ शेतात नेला तर त्याला स्वामित्वधन (रॉयल्टी) लागत नाही, पण या योजनेखाली रेती उचलण्यास सक्त मनाई आहे. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी (पूर्वीच्या जमीनदारांच्या) तलावांना, म्हणजे बोलीतल्या ‘मामा तलावां’ना, ही योजना विशेष उपयोगी. त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे आणि १०० हेक्टरपर्यंतची सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे येतात. इथली एक खबरदारी अनुभवी लोक आवर्जून सांगतात : गाळ संपून मूळ घट्ट तळ लागला की थांबायचे. तो थर फुटला की तलाव गळू लागतो.

रेती. पश्चिम महाराष्ट्रातली वाळू विदर्भात रेती होते आणि तिच्या जागेला रेतीघाट म्हणतात. कन्हान, पेंच, कोलार आणि बावनथडी या जिल्ह्यातल्या घाटांच्या नद्या. महसूल संहितेच्या कलम ४८ ने खनिजावरचा हक्क शासनाचा आहे. परवानगीची साखळी लांब : तलाठी-मंडळ अधिकारी, तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा यांची संयुक्त पाहणी, ग्रामसभेचे मत, जिल्हा सर्वेक्षण अहवालात घाटाची नोंद, मग पर्यावरण मंजुरी. शेवटची कडी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या दीपककुमार निकालाने आली. त्याआधी पाच हेक्टरांखालचे घाट या मंजुरीतून सुटत असत आणि मोठ्या घाटाचे तुकडे पाडण्याचा सुळसुळाट होता.

१० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद. सूर्यास्तानंतर बंद. सक्शन पंप बंद. राज्याचे धोरण मात्र दर काही वर्षांनी पालटते : लिलाव, मग २०२३ मध्ये शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने विक्री, मग २०२५ मध्ये पुन्हा लिलाव आणि घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत मोफत रेती. ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन आणि यंत्र जप्त होते.

मर्यादा घालण्यामागचे कारण पात्राच्या रचनेत आहे. रेतीचा थर पावसाळ्यातले पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पुरवतो. कन्हानकाठच्या पाणीपुरवठा विहिरी याच थरावर अवलंबून आहेत. पुलाजवळ उपसा झाला की पायाभोवतीची घासणी वाढते, म्हणून घाट मंजूर करताना पुलापासूनचे अंतर स्वतंत्रपणे तपासले जाते.

रद्द झालेले धोरण. नदीकाठच्या उद्योगांना अंतराची बंधने घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण महाराष्ट्राने २०१५ मध्ये मागे घेतले. तेव्हापासून कारखान्यांची छाननी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातून होते. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींजवळून वाहणाऱ्या प्रवाहांना सध्या तेवढीच चौकी उरली आहे.