पार्श्वभूमी : लोटस १-२-३ ची पहिली तीन वर्षे

लोटस १-२-३ हे स्प्रेडशीट, म्हणजे तक्त्यात आकडेमोड करणारे सॉफ्टवेअर. ते काढणाऱ्या लोटस डेव्हलपमेंट या कंपनीची गोष्ट व्हिसिकॅल्कपासून सुरू होते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे हे स्प्रेडशीट १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी आले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे हिशेब आपोआप बदलत. निव्वळ तेवढ्यासाठी लोक संगणक घेऊ लागले. मिच कॅपोर यांनी याच व्हिसिकॅल्कला जोड म्हणून आलेख काढणारे व्हिसिप्लॉट लिहिले. त्याचे आणि त्याच्या जोडीच्या व्हिसिट्रेंड या प्रोग्रामचे हक्क विकून आलेला पैसा आणि गुंतवणूकदार बेन रोझेन यांचे भांडवल यांवर १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला लोटस उभी राहिली.

कंपनीचे नशीब ठरले ते प्रोग्रामर जोनाथन सॅक्स यांच्या कामाने, असे मला ठामपणे वाटते. तेव्हा बाजारात एकमेकांशी न जुळणारे कितीतरी संगणक होते, म्हणून सॉफ्टवेअर शक्य तितक्या यंत्रांवर चालावे असा बहुतेकांचा प्रयत्न असे. स्प्रेडशीट आणि आलेख एकत्र देणारे ‘कॉन्टेक्स्ट एमबीए’ १-२-३ च्या आधीच आले होते. पण ते याच हेतूने पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले, त्यामुळे फार संथ चाले. लोटसने फक्त आयबीएम पीसी धरला. सॅक्स यांनी यंत्राच्या अगदी जवळची असेंब्ली भाषा वापरली आणि ऑपरेटिंग सिस्टिमला वळसा घालून आकडे थेट पडद्याच्या मेमरीत लिहिले. बाणाची कळ दाबताच तक्ता सरके. तिरपी रेघ दाबली की वर मेनू येई आणि निवडलेला पर्याय काय करतो ते खालच्या ओळीत वाचता येई. नवख्या माणसाचा इतका विचार तेव्हा क्वचितच कोणी करत असे.

जानेवारी १९८३ मध्ये ४९५ डॉलरला १-२-३ ची विक्री सुरू झाली. त्या एका वर्षात कंपनीची उलाढाल ५.३ कोटी डॉलरवर गेली आणि ऑक्टोबरमध्ये शेअरही बाजारात आले. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी पीसीसारखे संगणक काढले, तेव्हा त्यावर १-२-३ चालते का, हीच गिऱ्हाइकाची कसोटी झाली.

व्हिसिकॅल्क मात्र भांडणात अडकले. ते लिहिणारी कंपनी वेगळी, विकणारी वेगळी, आणि १९८३ मध्ये दोघी कोर्टात गेल्या. १९८५ मध्ये ब्रिकलिन-फ्रँकस्टन यांची सॉफ्टवेअर आर्ट्स लोटसनेच घेतली आणि व्हिसिकॅल्कची विक्री थांबवली.