घड्याळाची किल्ली कोणाकडे? मदरबोर्ड चिपसेटची पार्श्वभूमी

नवा कॉम्प्युटर जुळवायला निघालेला माणूस हमखास विचारतो, "बी घेऊ की झेड?" इंटेलच्या प्रोसेसरसाठी बी मालिकेच्या चिपसेटचा (प्रोसेसर, रॅम आणि बाकीच्या भागांना जोडणाऱ्या चिपांचा) मदरबोर्ड स्वस्त पडतो, पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालेल असा, करता येत नाही. झेडवर येतो. एएमडीच्या बी (बी८४० वगळता) आणि एक्स या दोन्ही मालिकांत ती मोकळीक आहे, ए मालिकेत नाही. हा फरक कुठून आला ते कळलं, की बोर्ड निवडताना निम्मा गोंधळ कमी होतो. त्यासाठी जरा मागे जायला हवं.

१९८१च्या आयबीएम पीसीमध्ये चिपसेट अशी वस्तूच नव्हती. इंटरप्टसाठी (प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्यांसाठी) एक चिप, डीएमएसाठी (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत डेटा हलवण्यासाठी) दुसरी, टायमरसाठी तिसरी, आणि त्यांना जोडणाऱ्या बारीकसारीक चिपांची बोर्डभर दाटी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या 'चिप्स अँड टेक्नॉलॉजीज' या कंपनीने ही सगळी गर्दी मोजक्या चिपांमध्ये आणून बसवली. बोर्ड बनवणं स्वस्त आणि सोपं झालं, आयबीएमसारखे चालणारे पीसी ढिगाने निघू लागले. पण त्याबरोबर एक मोठा अधिकारही त्या चार-दोन चिपांकडे गेला. कुठला प्रोसेसर चालेल, किती रॅम लावता येईल, कार्डं कुठल्या वेगाने बोलतील, हे सगळं आता चिपसेट ठरवू लागला.

हा अधिकार किती खोलवर जातो ते पेंटियमच्या काळात दिसलं. इंटेलचे १९९५चा ४३०एफएक्स आणि १९९७चा ४३०टीएक्स हे चिपसेट फक्त पहिल्या ६४ एमबी रॅमलाच कॅशचा (छोट्या, जलद मेमरीचा) आधार देत. त्याच्या वर रॅम टाकली तर ती दिसायची, वापरलीही जायची, पण कॅशशिवाय. विंडोज ९५ तर मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला घेई. म्हणजे पदरचे पैसे घालून रॅम वाढवावी आणि मशीन आधीपेक्षा मंद व्हावं! ४३०एचएक्सला ही अडचण नव्हती, टॅग रॅमची (कॅशमध्ये काय आहे याची नोंद ठेवणाऱ्या मेमरीची) जास्तीची चिप बसवली की त्याची मर्यादा ५१२ एमबीपर्यंत जाई. बोर्डाच्या खोक्यावर याचा उल्लेख क्वचितच असे.

ओव्हरक्लॉकिंगचं मूळही चिपसेटमध्येच आहे. बोर्डावर एक मुख्य घड्याळ असतं. त्याचा ठोका प्रोसेसर आपल्या मल्टिप्लायरने गुणतो आणि चिपसेट त्याच ठोक्याला भागून पीसीआय कार्डांना आणि हार्ड डिस्कच्या कंट्रोलरला देतो. पीसीआयला ३३ मेगाहर्ट्झ हवेत. ६६ला दोनने भागलं की ३३, हिशेब जुळला. पण जंपर (बोर्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) हलवून मुख्य ठोका ८३वर नेला की तोच भागाकार पीसीआयला साडेएक्केचाळीस देतो. प्रोसेसर ते निभावून नेतो, हार्ड डिस्क नेत नाही. मी हे एकदा केलं होतं. दोन दिवस मशीन झकास पळालं, तिसऱ्या दिवशी विंडोज सुरूच होईना आणि विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या स्कॅनडिस्कने तुटक्या फायलींची भलीमोठी यादी समोर ठेवली. दोष प्रोसेसरचा नव्हता, भागाकाराचा होता, हे समजायला मला बराच वेळ लागला.

म्हणूनच एप्रिल १९९८मध्ये आलेल्या इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटबद्दल जुनी माणसं आजही प्रेमाने बोलतात. अधिकृत वेग १०० मेगाहर्ट्झ, आणि १०० भागिले तीन म्हणजे पुन्हा बरोबर ३३. त्याच ऑगस्टमध्ये इंटेलचा स्वस्त प्रोसेसर सेलेरॉन ३००ए आला. ६६ गुणिले साडेचार, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ. १२८ केबी कॅश प्रोसेसरच्याच चिपवर, पूर्ण वेगाने चालणारी. बीएक्स बोर्डावर ६६चे १०० केले की तोच स्वस्त सेलेरॉन ४५०वर जाई, आणि पीसीआय, एजीपी (ग्राफिक्स कार्डाची जोडणी), हार्ड डिस्क सगळे आपापल्या ठरलेल्या ठोक्यावरच राहत. अबिटच्या बीएच६ बोर्डावर हे बायोसमधून (बोर्डावरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमधून) करता येई. ज्यांच्या बोर्डावर ती सोय नव्हती ते प्रोसेसर स्लॉटमधून बाहेर काढत, बी२१ क्रमांकाच्या पिनवर सेलोटेपचा अगदी अरुंद तुकडा चिकटवत आणि परत बसवत. बोर्डाला वाटे, आलाय तो १०० मेगाहर्ट्झचाच प्रोसेसर. त्या दिवसांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गिऱ्हाईक कंपनीच्या आधी "बीएक्स आहे का?" असं विचारी, आणि ते अगदी योग्य होतं. बीएक्स १३३वरही चाले. चारने भागण्याची सोय असल्यामुळे पीसीआय ३३वरच राही, फक्त एजीपी ६६ऐवजी ८९वर जाई, आणि ग्राफिक्स कार्डाने ते सोसलं तर प्रश्न मिटला.

बीएक्स इतका टिकला त्याला पुढच्या चिपसेटचा घोळही कारणीभूत आहे. १९९९च्या नोव्हेंबरमध्ये आलेला आय८२० रॅम्बसच्या महागड्या आरडीरॅमवर बेतलेला होता. साधी एसडीरॅम चालावी म्हणून मध्ये एक दुभाषी चिप घातली. तिच्यातल्या दोषाने मशीन हँग होई किंवा आपोआप रीस्टार्ट होई. मे २०००मध्ये इंटेलला ते बोर्ड बदलून द्यावे लागले. ही पोकळी व्हिया कंपनीच्या अपोलो प्रो १३३एने भरून काढली. स्वस्त, १३३ मेगाहर्ट्झची एसडीरॅम अधिकृतपणे घेणारा चिपसेट. पण २००१मध्ये व्हियाच्याच ६८६बी साउथब्रिजवर (डिस्क आणि कार्डं सांभाळणाऱ्या चिपवर) मोठ्या फायली कॉपी करताना डेटा बिघडल्याच्या तक्रारी आल्या, विशेषतः साउंड ब्लास्टर लाइव्ह हे आवाजाचं कार्ड लावलेलं असेल तर. पॅच निघाला, तरी "व्हिया नको" हे लोकांच्या मनात बसलं ते बसलंच. स्थिरता बेंचमार्कच्या आकड्यांत दिसत नाही, ती सहा महिने वापरल्यावर कळते. म्हणून मी तिला नेहमी वेगाच्या आधी ठेवतो.

एनव्हिडियाच्या २००२च्या एनफोर्स२ चिपसेटने भागाकाराची कटकटच संपवली. त्यात पीसीआय आणि एजीपीचा ठोका मुख्य घड्याळापासून वेगळा बांधून ठेवता येई. एएमडीचा बार्टन गाभ्याचा अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ घ्यायचा, १६६चे २०० करायचे, की ३२००+चा २.२ गिगाहर्ट्झ वेग हाती. गंमत म्हणजे पुढे अ‍ॅथलॉन ६४साठी आलेल्या त्यांच्याच एनफोर्स३ १५०मध्ये हे कुलूप नीट नव्हतं, ते एनफोर्स३ २५०मध्ये परत आलं. नावात फक्त शेवटचा आकडा वेगळा, आणि त्यावर सगळा खेळ!

तोवर चिपसेटचा मूळ आधारच सरकू लागला होता. २००३मध्ये एएमडीने रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला, २००८मध्ये इंटेलने तेच केलं. इंटेलच्या २००९च्या पी५५ चिपसेटला तर ग्राफिक्सची मुख्य पीसीआय एक्सप्रेस जोडणीही सांभाळावी लागली नाही. मेमरी आणि ग्राफिक्स पाहणारी चिप, म्हणजे नॉर्थब्रिज, संपला. उरलेली चिप साटा (हार्ड डिस्कची जोडणी), यूएसबी आणि बाकीच्या जोडण्या पाहू लागली.

निर्णायक वळण जानेवारी २०११चं, इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीच्या प्रोसेसरांचं. घड्याळ आता चिपसेटच्या पोटात गेलं आणि १०० मेगाहर्ट्झचा एकच ठोका सगळ्यांना बांधला गेला. तो पाच-सात टक्क्यांहून वर नेला की बाकीचं सगळं डळमळे. मार्ग उरला फक्त मल्टिप्लायरचा, आणि तो नावात 'के' अक्षर असलेल्या प्रोसेसरांनाच पूर्ण खुला, तोही पी६७सारख्या चिपसेटवर. एच६७वर नाही. बीएक्सच्या काळात मर्यादा भागाकाराची होती, आता ती कंपनीच्या परवानगीची झाली. मला ही गोष्ट आजही खुपते. त्याच महिन्याअखेर या चिपसेटांत दोष सापडला: ३ गिगाबिटची चार साटा पोर्टं काळानुसार मंदावू शकत होती, ६ गिगाबिटची दोन ठीक होती. दुरुस्तीसाठी आणि बोर्ड बदलून देण्यासाठी ७० कोटी डॉलर लागतील, असा अंदाज इंटेलने दिला.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या जागेवर) प्रश्न आला तो सुसंगतीचा. एकाच सॉकेटवर इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर, की त्या सगळ्यांची माहिती अनेक बोर्डांवरच्या १६ एमबीच्या बायोस चिपमध्ये मावेना. काही कंपन्यांनी जागा करण्यासाठी बायोसचा चित्रमय मेनू काढला, जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला. मे २०२०मध्ये एएमडीने सांगितलं, की झेन ३ (रायझन ५०००चे प्रोसेसर) फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल. ग्राहक इतके चिडले, की त्याच महिन्यात बी४५० आणि एक्स४७०ला परवानगी मिळाली, आणि २०२२मध्ये ३०० मालिकेच्या बोर्डांनाही बायोस मिळाले. आज असा जुना बोर्ड घेताना खोक्यावर 'रायझन ५००० रेडी'चा स्टिकर आहे का ते बघा. तो नसेल तर दुकानातच बायोस अपडेट करून मागा, कारण जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर बसवला तर पंखे फिरतील, पण स्क्रीन काळीच राहील.