पाणी खराब असेल तर बाटली काळी पडते, आणि ही टेस्ट आपल्या ग्वाल्हेरची आहे

डबरा, भितरवारकडच्या खेड्यात कुणाकडे गेलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि पाणी नितळ दिसलं की आपण निर्धास्त पितो, पण कॉलरा, टायफॉइडचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही की चव नाही. लॅबमध्ये तपासायचं तर सॅम्पल थंड ठेवून वेळेत शहरात पोचवा, मग इनक्युबेटर, मग रिपोर्ट. दर पावसाळ्यात गावोगाव हे कोण करणार?

यावर एक स्वस्त उपाय ग्वाल्हेरलाच निघाला, आणि शहरातल्या लश्कर भागात जन्म काढलेल्या आपल्या मराठी लोकांनाही तो माहीत नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. इथल्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये ही एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, टेस्ट छापली. छोटी बाटली, आत औषध लावून वाळवलेला कागद. 20 मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि ठेवून द्यायचं, बस. 30 ते 37 डिग्रीत 12 ते 18 तासांत निकाल, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर मशीनच नको, थंडीत मात्र बाटली उबेला ठेवावी लागते.

होतं काय, की विष्ठेतून येणारे बरेच जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, कागदावर लोहाचा क्षार असतो, दोघं मिळून काळं आयर्न सल्फाइड तयार होतं आणि अख्खी बाटली शाईसारखी काळी होते. ज्या बाईला अक्षरओळख नाही तिलाही रिपोर्ट वाचता येतो, मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग देतात, त्यातही या बाटल्या असतात.

अर्थात फ्लोराइड, नायट्रेट यात कळत नाही, त्याची तपासणी वेगळी. आणि जमिनीतल्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तर बाटली उगाच काळी पडू शकते.

पण काळी झाली तर पाणी उकळून प्या आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका, चांगली ताजी असेल तर 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, आणि टाकल्यावर तासभर कुणी पाणी भरायचं नाही. हॅन्डपंपाचा ओटा फुटलाय का, सांडपाणी तिथेच मुरतंय का, हेही बघा.

आणि एक बाटली पंपावर भरा तशी दुसरी घरच्या माठातून भरा. पंपाची साफ आणि माठाची काळी आली तर पाणी घरात खराब होतंय, पोरं हात बुडवून पेला भरतात तिथे. मग नुसती पावडर टाकून भागत नाही, माठ घासून धुवा, झाकण ठेवा, आणि तोटीचा माठ नाहीतर निदान लांब दांड्याचं ओगराळं घ्या.