‘एआय सीलिंग’ म्हणजे नेमके काय?

सांगलीत घराचे इंटिरिअर करून घेणारे आता मोबाइलवर चित्र घेऊनच कारागिराकडे येतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, लाटांसारखे वळणारे छत. ‘एआयने दिलंय, असंच करा.’

आधी जुने थोडक्यात पाहू. वाईजवळच्या मेणवलीसारख्या वाड्यांत कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या) हेच छत आणि तीच वरच्या मजल्याची जमीन. स्लॅब आल्यावर सीलिंग त्याच्यापासून सुटले. पीओपी, मग जिप्सम बोर्ड, मग सीएनसीवर, म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांवर चालणाऱ्या कापणीयंत्रावर, कापलेली जाळी. आकड्यांवर चालणाऱ्या अशा यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक अमेरिकेत १९५२ साली झाले होते.

खरी गल्लत पुढे आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह २०१७ मध्ये खुले झाले. आवाज सगळीकडे नीट विखुरावा म्हणून आतल्या भिंती आणि छताला सुमारे १०,००० जिप्सम-फायबर तक्ते लावले. त्यांवर मिळून सुमारे १० लाख खळगे, सगळे अल्गोरिदमने ठरवलेले आणि यंत्राने कोरलेले. हे काम सर्रास ‘एआय’च्या खात्यावर टाकले जाते. ते चूक आहे. तिथे नियम माणसाने लिहिले आणि संगणकाने ते पाळले. यंत्र स्वतःहून काही शिकले नाही. ‘रोबोट’ शब्दाचेही तसेच. स्वित्झर्लंडच्या झुरिचमधल्या एका इमारतीचे लाकडी छत खरोखर रोबोटने जुळवले, ४८,६२४ पट्ट्या एकेक करून. झुरिचजवळच २०१८ मध्ये झालेला ८० चौरस मीटरचा काँक्रीट स्लॅब मात्र वेगळा. तिथे सेंट्रिंगच्या फळ्यांऐवजी थ्रीडी प्रिंटरने वाळूचे साचे छापले. स्लॅब काही ठिकाणी जेमतेम २० मिलिमीटर जाड आहे. रोबोटचे छत म्हणून दोन्ही एकाच माळेत ओवले जातात.

शिकणारे यंत्र वेगळे. चित्रे घडवणाऱ्या न्यूरल नेटवर्कची (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीची) एक महत्त्वाची पद्धत २०१४ साली मांडली गेली, आणि शब्दांवरून चित्र काढणारी साधने २०२२ मध्ये सर्वांच्या हाती आली. पण त्यांतून मिळते ते चित्र, नकाशा नव्हे. रोबोटच्या हाताला प्रत्येक बिंदूचे माप लागते, प्रत्येक वळणाचा क्रम लागतो. चित्राला यातले काहीच ठाऊक नसते. चित्र आणि रोबोट यांच्यामधले मापांचे मॉडेल कुणीतरी बसून बनवावेच लागते, आणि माझ्या मते श्रेय द्यायचे तर त्या कामाला आधी द्यावे.

मिरजेतल्या एका फ्लॅटमध्ये मी हे पाहिले. कारागिराने मोबाइल खिडकीत ठेवला, टेप लावला, बीमची खोली मोजली. चित्रात बीम नव्हताच, पंख्याचा हूकही नव्हता. त्याने खडूने भिंतीवर रेघ मारली, तिथून आठ इंच खाली दुसरी, आणि मालकिणीला विचारले, ‘ताई, पंखा हवाय ना? मग लाट इथून वळवावी लागेल.’